चोराला ताटकळत ठेवू नये

सिनेमातला संगणक-चोर अंधाऱ्या खोलीत बसून धडाधड टंकतो आणि अर्ध्या मिनिटात तिजोरी उघडतो. खऱ्या चोराची परिस्थिती एवढी चांगली नाही. कुलूप फोडायला वेळ लागतो, डोकं लागतं. त्यामुळे बिचाऱ्याचं बरंचसं आयुष्य दारात उभं राहून कडी वाजवण्यात जातं. आतून कडी काढायला घरचंच माणूस लागतं. नवा संगणक घरी आणलेल्या प्रत्येकाने ही जबाबदारी ओळखावी, म्हणून या चार सूचना.

सुरुवात पासवर्डपासून. एकच ठरवा आणि तो सगळीकडे लावा: ईमेलला, बँकेला आणि एकदाच वॉलपेपर उतरवून घेण्यासाठी नाव नोंदवलेल्या त्या साइटलाही. वॉलपेपरवाल्यांची यादी एक ना एक दिवस फुटते. मग चोराचा प्रोग्राम त्या यादीतला ईमेल आणि पासवर्ड शेकडो साइटांवर आपोआप लावून बघतो. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड ठेवलात तर त्याला वॉलपेपरवरच समाधान मानावं लागेल. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहून २०-२५ अक्षरांचा पासवर्ड करणारेही महाभाग असतात. तो लक्षात राहायला सोपा आणि ओळखायला महाकठीण, म्हणजे चोराच्या दृष्टीने निव्वळ आडमुठेपणा. आपण आपलं नाव, जन्मसाल आणि शेवटी एक उद्गारचिन्ह एवढ्यावर भागवावं. फारच हुशारी करायची तर 'ए'च्या जागी '@' घाला. पासवर्ड ओळखणारे प्रोग्राम ही अदलाबदल अगदी सुरुवातीलाच करून बघतात, पण तुमच्या आनंदावर कशाला विरजण घालायचं?

ईमेलला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागायची सोय, लावू नका. बाकी सगळ्या खात्यांचे 'पासवर्ड विसरलात?'चे दुवे ईमेलमध्येच येऊन पडतात, म्हणजे ते खातं हा घरभरच्या किल्ल्यांचा जुडगा. तो खुंटीला टांगलेला बरा. हे कोड देणाऱ्या फोनवरच्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधला सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो; कोणाला इतकं घाईला आणणं चांगलं दिसत नाही. लावलीच असेल पडताळणी, तर निदान फोनवर कोणी गोड आवाजात कोड विचारला की वाचून दाखवा. 'हा कोड कोणालाही सांगू नका' असं मेसेजात लिहिलेलं असतं खरं, पण ते परक्यांसाठी. हा माणूस तर तुमचं पूर्ण नाव घेऊन बोलतोय.

फायलींच्या शेपट्या, म्हणजे नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारी अक्षरं, बघण्याची वाईट खोड लावून घेऊ नका. विंडोज मुळातच त्या लपवून ठेवतं. विंडोज ११मध्ये फाइल एक्स्प्लोरर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' असं दाबलं की त्या दिसायला लागतात, आणि 'बिल.पीडीएफ' म्हणून आलेली फाइल एकाएकी 'बिल.पीडीएफ.ईएक्सई', म्हणजे चक्क प्रोग्राम, निघते. चिन्ह पीडीएफचं असलं म्हणून काय झालं, प्रोग्रामला हवं ते चिन्ह चिकटवता येतं. ही युक्ती काही आजची नाही. मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' असा विषय असलेली ईमेल जगभर फिरली. सोबतच्या फाइलचं नाव 'लव्ह लेटर फॉर यू.टीएक्सटी.व्हीबीएस'. शेवटची तीन अक्षरं, म्हणजे प्रोग्रामची खूण, दिसली नाहीत, लोकांना वाटलं साधा मजकूर आहे. उघडणाऱ्याचे फोटो खलास करून तिने त्या जागी स्वतःच्या नकला ठेवल्या आणि पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना तेच प्रेमपत्र धाडलं. इतक्या वर्षांत ती शेपटी दाखवायचं आपण काही मनावर घेतलेलं नाही. परंपरा अशाच टिकतात.

साइटचा पत्ता डावीकडून वाचायला घ्या आणि ओळखीचं नाव दिसताच थांबा. 'तुमचीबँक डॉट कॉम डॉट खातेतपासणी डॉट नेट' यात बँकेचं नाव आहे ना, मग झालं. मालक कोण ते, सुरुवातीची 'https://'ची जोडरेघ सोडून, पहिल्या तिरप्या रेघेच्या लगेच आधीचे तुकडे सांगतात, म्हणजे इथे 'खातेतपासणी डॉट नेट'. पण तिथवर वाचत जायला कोणाला सवड आहे! पत्त्याशेजारी कुलपाचं चित्र दिसलं तर उरलीसुरली शंकाही सोडा. ते कुलूप एवढंच सांगतं की वाटेत तुमचं बोलणं कोणी चोरून ऐकत नाही. पलीकडे कोण बसलंय, हे सांगणं त्याचं काम नाही, आणि त्यासाठी लागणारं प्रमाणपत्र भामट्यालाही फुकट मिळतं. लोक त्या चित्राला सचोटीचा दाखला समजतात म्हणून क्रोमने २०२३ मध्ये ते काढूनच टाकलं. सगळे पासवर्ड लक्षात ठेवून आपोआप भरून देणारं, पासवर्ड मॅनेजर नावाचं एक चोंबडं साधनही असतं. पत्ता एका अक्षराने जरी वेगळा असला तरी ते पासवर्ड भरून देत नाही, गप्प बसतं. तसं झालं की त्याला बिघाड समजा आणि पासवर्ड हाताने टाका.

आता खरा सोहळा. एखाद्या पानावर अचानक पडदाभर लाल इशारा येतो, भोंगा वाजतो आणि मधोमध एक फोन नंबर झळकतो. घाबरा. ते नुसतं ब्राउझरचं एक पान आहे, 'एस्केप' दाबून धरलं की पूर्ण पडद्याचं सोंग उतरतं, नाहीच उतरलं तर 'कंट्रोल, शिफ्ट, एस्केप' एकदम दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करता येतो, असले विचार मनात आणू नका. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो, पण या इशाऱ्यात आहे, तेव्हा तो जास्तच खरा. फोन लावा.

पलीकडचा सज्जन तुम्हाला 'इव्हेंट व्ह्यूअर', म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडायला सांगेल आणि त्यातली लाल-पिवळी चिन्हं मोजायला लावेल. ठणठणीत संगणकातही ती ढिगाने असतात. पण मोजताना छाती धडधडली पाहिजे, नाहीतर त्याच्या मेहनतीचं चीज होत नाही. मग दुरून संगणक चालवायचं एक सॉफ्टवेअर बसवायचं आणि त्यात दिसणारा नंबर त्याला सांगायचा. सॉफ्टवेअर अगदी रीतसर असतं, तुम्हीच परवानगी दिलेली असते, त्यामुळे अँटिव्हायरसही सहसा मध्ये तोंड घालत नाही. मग तो 'चुकून तुम्हाला जास्त परतावा गेला' म्हणतो आणि तुमचंच बँकेचं पान उघडून शिल्लक वाढलेली दाखवतो. 'एफ १२' दाबून पानावरचा कुठलाही आकडा बदलता येतो. तो बदल फक्त त्या पडद्यापुरता असतो आणि 'एफ ५' दाबलं की खरी शिल्लक परत दिसते. म्हणून 'एफ ५' दाबू नका. गृहस्थ रडकुंडीला आलाय, नोकरी जाईल म्हणतोय. त्याचे 'जास्तीचे' पैसे ताबडतोब पाठवून द्या.

इतकं बोलायला ज्यांना संकोच वाटतो, त्यांच्यासाठी हल्ली मूकसेवाही निघाली आहे. 'मी रोबोट नाही' असं पान येतं आणि माणूसपण सिद्ध करायला तीन पायऱ्या सांगतं: विंडोजच्या बटणासोबत 'आर', मग 'कंट्रोल' आणि 'व्ही', मग 'एंटर'. पहिल्या पायरीने आज्ञा देण्याची चौकट उघडते. दुसरीने, पानाने तुमच्या नकळत क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर राहतो त्या जागी, ठेवलेली आज्ञा तिच्यात उतरते. चौकट अरुंद, आज्ञा लांबलचक, त्यामुळे दिसतं फक्त शेपटाकडचं 'पडताळणी क्रमांक' वगैरे निरुपद्रवी लिखाण. तिसरीने ती चालते. चोराने काहीच केलं नाही, सगळं तुमच्या हातून झालं. कुठल्याही खऱ्या पडताळणीला ही चौकट लागत नाही, पण रोबोट ठरण्यापेक्षा लुटलं जाणं केव्हाही मानाचं.

अपडेटचा निरोप आला की 'नंतर' दाबा. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक भगदाड बुजवलं. मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस त्याच भगदाडातून शिरला. मधले दोन महिने 'नंतर' दाबणाऱ्यांचेच होते. रोज रात्री संगणक 'शट डाउन' करता, तेव्हा तो रोज ताजातवाना होतो असंही समजत राहा. 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर विंडोजचा गाभा झोपवून ठेवला जातो आणि सकाळी तोच उठवला जातो. कोरी सुरुवात 'रीस्टार्ट'नेच होते. रखडलेल्या निम्म्या तक्रारी त्याने मिटतात, म्हणून ते शेवटपर्यंत करून बघू नये.

बॅकअप घेतलाच तर ती डिस्क कायम जोडून ठेवा, म्हणजे खंडणीखोर व्हायरसला मूळ आणि नक्कल एकाच फेरीत गोठवता येते. फोटो क्लाउडला जोडले की बॅकअप झाला, हेही मानून चाला. एकीकडे पुसलेला फोटो तिथेही पुसला जातो, आणि तिथली कचरापेटी थोड्या दिवसांनी आपोआप रिकामी होते.

एवढं करूनही वेळ आलीच, तर इंटरनेट तोडू नका, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलू नका आणि बँकेला तर मुळीच कळवू नका. पहिल्या काही तासांत व्यवहार अडवता येण्याची शक्यता असते. मेसेज, नंबर, पावत्या पुसून टाका. लोक काय म्हणतील म्हणून आठवडाभर गप्प बसा. मग एक दिवस फोन येईल. गेलेले पैसे परत मिळवून देणाऱ्या पथकातून बोलतोय, म्हणेल. थोडंसं शुल्क तेवढं आगाऊ भरायचं. भरून टाका. आवाज ओळखीचा वाटला तर तो मनाचा खेळ समजा.