फोम लावून खोली साउंडप्रूफ होत नाही

घरच्या स्टुडिओबद्दल 'भिंतींना एक इंची फोम चिकटवला की खोली साउंडप्रूफ' असं सांगितलं जातं, ते खरं नाही. आवाज अडवायला लागतं वजन आणि दाराखिडक्यांच्या फटी बुजवणं. फोम हलका आणि सच्छिद्र, त्यातून आवाज आरपार जातो. तो फक्त खोलीतला घुमारा कमी करतो, तोही वरच्या पट्टीतला. १०० हर्ट्झच्या, म्हणजे खालच्या पट्टीतल्या, लहरीची लांबी जवळपास ३.४ मीटर असते, तिच्यापुढे एक इंच म्हणजे काहीच नाही. चारही भिंती अशा फोमने मढवल्या की गाण्यातली चमक गिळली जाते, बेस, म्हणजे खालच्या पट्टीतला आवाज, मात्र तसाच घुमत राहतो. मग मिक्समध्ये, म्हणजे गाण्यातले वेगवेगळे आवाज एकत्र जुळवताना, आपण नको तेवढा बेस कापतो आणि बाहेर ऐकलं की गाणं पोकळ वाटतं.

त्याऐवजी रॉकवूलचे (दगडाच्या तंतूंपासून बनवलेल्या लोकरीचे) किमान १० सेंटिमीटर जाडीचे पॅनल कापडात गुंडाळून आधी कोपऱ्यांत उभे करा, कारण बेस तिथेच साठतो. मागे तेवढीच पोकळी सोडली तर आणखी खालच्या पट्टीपर्यंत काम करतात. मग बाजूच्या भिंती: खुर्चीत बसा, कुणालातरी भिंतीवरून आरसा सरकवायला सांगा, जिथे स्पीकर दिसेल तिथे पॅनल. आणि हो, स्पीकर त्यांच्या मागच्या भिंतीपासून बरोबर एक मीटरवर ठेवू नका. परतणाऱ्या लहरीमुळे ८६ हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो आणि तो इक्वलायझरने (वेगवेगळ्या पट्ट्यांतला आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) भरून निघत नाही.