‘डी’मध्ये आहे म्हणजे सुरक्षित? एका प्रतिक्रियेला उत्तर

मंद झालेला कॉम्प्युटर साफ कसा करावा यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली एक सणसणीत प्रतिक्रिया आली आहे. लिहिणाऱ्यांचं कोल्हापुरात, राजारामपुरीत दुरुस्तीचं दुकान आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: “सर, एवढं लांबण कशाला लावलंय? सी ड्राइव्हला फॉरमॅट मारायचा, एसएसडी टाकायची, तासाभरात मशीन पळतंय. डेटा डीमध्ये असतो, त्याला काय होत नाही. बॅकअप बॅकअप करून तुम्ही लोकांना उगाच घाबरवताय. आणि स्वतःच डिस्क क्लीनअपमध्ये सगळ्या चौकटींवर टिक करा म्हणून सांगताय. त्यात कुणाचे डाउनलोड्स गेले तर जबाबदार कोण?”

पहिलं म्हणजे मी सर नाही, शाहूपुरीतला, कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवणारा डीटीपीवाला आहे. दुसरं, तुमच्या शेवटच्या मुद्द्यात तुम्ही बरोबर आहात आणि मी चुकलोय. ‘सगळ्या चौकटी’ असं लिहायलाच नको होतं. २०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून, म्हणजे विंडोज १० ची १८०९ आवृत्ती, डिस्क क्लीनअपच्या, म्हणजे नको त्या फाइली पुसायच्या विंडोजच्या सोयीच्या, यादीत डाउनलोड्स फोल्डरही आला होता. वर्षानुवर्षे डोळे झाकून सगळं टिक करायची सवय लागलेल्यांनी आपल्याच हातानं फाइली घालवल्या. पुढं ‘२००४’ आवृत्तीत (हे साल नव्हे, आवृत्तीचा आकडा) तो त्या यादीतून गेला. पण सेटिंग्ज, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स इथं डाउनलोड्स अजून दिसतो. तिथं खूण आपोआप केलेली नसते, हे खरं. पण माझं वाक्य वाचून करणाऱ्यानं ती केलीच असती. आपल्याकडं डाउनलोड्स म्हणजे कचरा नसतोच. सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सॲप वेबवर आलेला मजकूर, सगळं तिथंच पडून राहतं. गिऱ्हाईक म्हणतं, “सेव्ह केलंय की,” आणि कुठं ते त्याला ठाऊक नसतं.

एसएसडीबद्दल, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कबद्दल, तर वादच नाही. जुन्या लॅपटॉपातली हार्ड डिस्क बहुतेक मिनिटाला ५४०० फेरे मारणारी. डोकं सरकवत एकेक तुकडा गोळा करते. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला आणि डिस्क १०० टक्के दिसत राहिली, की टेम्पच्या, म्हणजे तात्पुरत्या, फाइली कितीही पुसा, फरक पडत नाही. सी काठोकाठ भरला असेल तर साफसफाईनं श्वास मोकळा होतो, एवढंच. हे मी त्या लेखात ठळक सांगायला हवं होतं. स्टार्टअपमधली नको ती पिलावळ बंद केली तर निदान मशीन उठताना फरक कळतो.

आता ‘डी’. इथं मात्र मी हटणार नाही.

घरगुती मशीनमध्ये विंडोजचा सी आणि फाइलींचा डी हे बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन वाटे असतात. एका वाड्यातले दोन सोपे. मधली भिंत दिसते म्हणून वाडे दोन होत नाहीत. आढं मोडलं की दोन्हीकडं पाऊस. बरं, डिस्क धडधाकट आहे, फॉरमॅट, म्हणजे पुसून कोरं करणं, फक्त सीला मारला, डीला हातसुद्धा लावला नाही, असं धरू. तरी काय होतं ते माझ्याच टेबलावर झालंय.

लग्नसराई होती, मशीन रडत होतं. एकाकडं दिलं, बजावून सांगितलं की डीला हात लावू नका. त्यानं शब्द पाळला. संध्याकाळी मशीन आलं ते पळतच. मी दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायच्या पत्रिकेची फाइल कोरलमध्ये, म्हणजे मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. फाइल जागच्या जागी, गणपती जागच्या जागी. आणि ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची खूण, उलटा प्रश्नार्थक. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा होता, त्यातले आकडे तेवढे वाचता येत होते. आपले जुने मराठी फॉन्ट युनिकोडचे नाहीत. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फॉन्ट गेला की अक्षरं उघडी पडतात. आणि फॉन्ट राहतो सीमध्ये, विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरात. अलीकडच्या विंडोजवर एकट्या यूजरपुरता टाकलेला तर त्याच्या ॲपडेटा नावाच्या फोल्डरात लपलेला, जिथं कुणी बघतच नाही. दहा-बारा वर्षं इकडून तिकडून जमवलेली ती शिदोरी तासाभरात गेली. रात्री साडेअकरापर्यंत तीन प्रेसवाल्यांच्या दारात पेन ड्राइव्ह घेऊन फिरलो. सगळं मिळालं, मथळ्याचा एक फॉन्ट मिळाला नाही. दुसरा वापरला. मुलीच्या वडिलांनी पत्रिका हातात घेतली आणि पहिलं वाक्य काढलं, “यातला ‘र’ जाड का झालाय?”

दुसरी गोष्ट शाहू मार्केट यार्डातली, गुळाच्या अडतीवरची. मशीन सुरू व्हायला दहा मिनिटं. दोघांनी आधीच फॉरमॅटचा सल्ला दिला होता. मी डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं तर पिवळी खूण, ‘कॉशन’, आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’च्या ओळीत शून्य नाही. म्हणजे डिस्कला स्वतःचेच काही कप्पे वाचता येईनासे झालेत. मशीन कचऱ्यानं नाही, आजारानं मंद होतं. अशा डिस्कवर डिफ्रॅग, चेकडिस्क, अँटिव्हायरसचा फुल स्कॅन चालवणं म्हणजे बसलेल्या बैलाला पराणी टोचणं. आधी माल उतरवायचा.

“टॅली कुठं आहे?” मी हिशेबाच्या सॉफ्टवेअरबद्दल विचारलं. पोरगं म्हणालं, “डीमध्ये.” डीमध्ये ‘टॅली बॅकअप’ नावाचा फोल्डर होता खरा, त्यातली शेवटची फाइल दोन वर्षांपूर्वीच्या मार्चची. चालू हिशेब होता सीमध्ये: यूजर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅलीप्राइम, त्यात डेटा. टॅलीप्राइम तिथंच ठेवतं, कुणी मुद्दाम बदललं नसेल तर. जुन्या ईआरपी ९ चा डेटाही टॅलीच्याच फोल्डरात, म्हणजे सीलाच. आत नुसत्या आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, बघणाऱ्याला कचराच वाटावा. ते आधी उचलले, चहा यायच्या आत. मग फोटोंची कॉपी लावली. निम्म्यावर डिस्क टक-टक करायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बायॉसमध्येही दिसेना. नातवाच्या बारशाचे निम्मे फोटो गेले, हिशेब वाचला. त्या दोघांतल्या एकानं जरी सीला फॉरमॅट मारला असता, तर चालू वर्षाचं बुक कुठून आणलं असतं?

तेव्हा मी घाबरवत नाही, क्रम सांगतोय. आणि तुमच्या पद्धतीत मला बदल हवाय तो एकच. एसएसडी टाका, विंडोज तिच्यावर नवं मारा, पण जुनी हार्ड डिस्क फॉरमॅट न करता बाहेर काढा, कागदात गुंडाळा, वर तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहा, आणि त्यालाच परत द्या. दोन महिने कपाटात राहू दे. राहिलेलं काही आठवलं तर केसिंगमध्ये घालून यूएसबीनं जोडता येते. जागा मिळते म्हणून ती त्याच मशीनमध्ये फॉरमॅट करून ‘डी’ म्हणून बसवायची घाई नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपल्यापासून विंडोज ११ साठी मशीनची रांग लागली असेल, समजू शकतो. म्हणूनच म्हणतोय, रांगेत घाई होते.

नव्या लॅपटॉपांत एक अडचण आहे, ती तुम्हाला माहीत असणारच, वाचकांसाठी लिहितो. बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, झालेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो. ती काढून दुसरीकडं जोडली की बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं ते कुलूप, ४८ आकडी ‘रिकव्हरी की’ (किल्ली) मागतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. डिस्क काढण्याआधी ते खातं उघडतंय का बघा.

आणि एसएसडीवर चूक झाली तर ती हार्ड डिस्कसारखी माफ होत नाही. हार्ड डिस्कवर पुसलेली फाइल, तिच्यावर दुसरं काही लिहिलं गेलं नसेल, तर रिकव्हरीच्या सॉफ्टवेअरनं बऱ्याचदा निघते. एसएसडीवर ट्रिम चालू असतो. पुसलेली जागा डिस्क स्वतःच झाडून ठेवते. तिथं शिफ्ट-डिलीट म्हणजे शिफ्ट-डिलीटच.

बॅकअपवरून चिडलात म्हणून हेही सांगतो. मी स्वतः शहाणा होतो असं नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याची ४३ फुटांची धोक्याची खूण ओलांडली, तेव्हा कुंभार गल्लीच्या बाजूनं पाणी येताना बघून आम्ही मशीन, प्रिंटर, कागदाची रिमं, सगळं माळ्यावर चढवलं. बॅकअपची डिस्क काउंटरच्या खालच्या खणात राहिली. पाणी ओसरल्यावर ती निघाली, चिखलानं भरलेली, वर माझ्याच अक्षरात ‘महत्त्वाचं’. मशीन वाचलं म्हणून निभावलं. तेव्हापासून एक प्रत बहिणीच्या घरी, कळंब्याला. २०२१ ला पुन्हा पाणी आलं तेव्हा मी निदान त्या बाबतीत निवांत होतो. एक प्रत क्लाउडवरही आहे, पण सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. इथं पुसलं की तिथलंही पुसतं, फार तर काही दिवस तिथल्या कचरापेटीत राहतं.

तुमच्या दुकानात मशीन आलं की डीची चौकशी जरूर करा. पण सोबत एवढं विचारा: टॅली आहे का, जुने मराठी फॉन्ट आहेत का, मेलसाठी आउटलुक वापरता का, ब्राउझरमधले पासवर्ड कुठं लिहून ठेवलेत का. गिऱ्हाईक “काय नाही, मारा” म्हणालं तरी एकदा स्वतः सीमध्ये बघा. माझ्या वेळी हे कुणी विचारलं नव्हतं, आणि मलाही सुचलं नव्हतं.

डिस्क क्लीनअपची ती ओळ मी आज सकाळी बदललीय. जुनं वाक्य खोडून तसंच ठेवलंय, शेजारी लिहिलंय की चूक राजारामपुरीच्या एका दुकानदारानं दाखवली. दुकानाचं नाव घालायचं असेल तर कळवा.