परकर कुणी पाठवलाच नव्हता

२०२५च्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मदतीची यादी फिरत होती. तांदूळ, तूरडाळ, तेल, बिस्किटाचे पुडे, चादरी, जुन्या साड्या. मी खाली लिहिलं, "परकर आणि आतले कपडे पण घ्या, नवे. पॅडही." पाच मिनिटं ग्रुप चिडीचूप. मग एका काकांचा मेसेज आला, "ताई, तिकडं लोकांचे संसार वाहून गेलेत, त्यात हे काय मधेच?" त्यावर तिघांचे अंगठे.

काकांवर राग नाही. टेम्पोचं डिझेल त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलं आणि रात्री दोनपर्यंत पोती भरली. पण धाराशिव जिल्ह्यात परंडा तालुक्यातल्या ज्या शाळेत आम्ही सामान उतरवलं, तिथं वर्गाच्या कोपऱ्यात साड्यांचा माझ्या खांद्याएवढा ढीग होता आणि त्याला कुणी हात लावत नव्हतं. एक बाई हळूच जवळ आली. "लुगडी लई आल्यात बाई. परकर हाय का?" दोन दिवस ती ओल्या परकरावरच होती. परकराशिवाय पाचवारी नेसायची कशी, हा प्रश्न यादी करणाऱ्या एकाही पुरुषाला पडला नव्हता. पडणार तरी कसा! म्हाताऱ्या तेवढ्या निभावल्या, नऊवारीला परकर लागत नाही.

नुकतंच नवरात्र बसलं होतं. बायकांचे उपवास, आणि येणारा प्रत्येक टेम्पो डाळ-तांदळाची खिचडी घेऊन येत होता. घट वाहून गेला म्हणून एकीने शाळेच्या खिडकीत वाटीभर माती घेऊन त्यात गहू पेरले होते. तिने दिवसभरात दोन केळी आणि चहा घेतला होता. पाणी मात्र नाही. कारण शाळेच्या चार संडासांपैकी दोनांना कुलूप, एकात खेळाचं सामान, आणि उरलेल्याला आतून कडी नव्हती. संध्याकाळनंतर बायका पाणीच पीत नव्हत्या.

यात नवं काहीच नाही, हेच मला खुपतं. जगभरात मदतकार्य करणाऱ्या संस्थांचं 'स्फिअर' नावाचं एक हँडबुक आहे. छावणीत वीस माणसांमागे एक संडास आणि पुरुषांसाठी एक असेल तर बायकांसाठी तीन, आतून कडी, रात्री उजेड, इतकं बारीक त्यात लिहून ठेवलंय. लिहिणाऱ्यांनी ते छावण्यांमधूनच शिकून लिहिलंय. आपल्याकडे मात्र दर पुरात पहिल्यापासून सुरुवात.

"पाण्याला बाई-पुरुष कळत नाही," असंही एकाने मला ऐकवलं. पाण्याला नसेल कळत. पण २००४च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ३९१ बायका गेल्या आणि १४६ पुरुष. ऑक्सफॅमने नंतर हे आकडे मांडले. बरेच पुरुष होड्या घेऊन खोल समुद्रात होते, तिथं लाट जाणवलीही नाही. बायका किनाऱ्यावर मासळी उतरायची वाट बघत होत्या, किंवा घरात लेकरांजवळ होत्या. कोण कुठं उभं राहून काय काम करतं, यावर कोण मरतं ते ठरलं.

तरीही परकर, पॅड, संडास हा सोपा भाग आहे. एका टेम्पोत आणि चार कड्यांत तो सुटतो. अवघड भाग पाणी ओसरल्यावर सुरू होतो आणि त्याचं नाव पंचनामा. तलाठी (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावासाठी ते तलाठीच), ग्रामसेवक आणि कृषी सहायक गावात येतात. घर कुणाच्या नावावर? नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, बघा. शेत कुणाचं? सातबारा बघा. दोन्हीकडे नाव पुरुषाचं. नवऱ्याने आत्महत्या केलेली बाई दहा वर्षं रान कसते, पण वारसाचा फेरफार झालेला नसतो. म्हणजे खरवडून गेली ती जमीन सासऱ्याची, पैसे सासऱ्याच्या खात्यात.

गंमत अशी की २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली मोठी बाई कुटुंबप्रमुख केली. म्हणजे रोजच्या गव्हा-तांदळाला ती प्रमुख, आणि घर पडलं की प्रमुख तिचा नवरा!

मी औसा तालुक्यातली. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आठ वर्षांची होते. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. दगडमातीच्या भिंती, वर माळवदाची हातभर माती, सगळं अंगावर आलं. पुरती पडलेली ५२ गावं सरकारने दुसरीकडे वसवली, ते सगळ्यांना माहीत असतं. पण आमच्यासारखी शेकडो गावं तडे गेलेल्या घरांनिशी जागच्या जागी राहिली. त्यांच्या दुरुस्तीची योजना आली आणि ती गावागावांत पोचवायला सरकारने प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेला बरोबर घेतलं. संस्थेने महिला मंडळांतल्याच बायका निवडल्या. त्यांना 'संवाद सहायक' म्हणायचे.

माझी मावशी त्यातली एक. सातवी शिकलेली. तोवर पुरुषमंडळींसमोर डोक्यावरचा पदर ढळू न देणारी ही बाई दारोदार जाऊन हप्ता कधी मिळतो ते सांगू लागली. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड घाला, सिमेंटवर पाणी मारा, हेही तीच सांगायची. गवंड्याने पाणी मारलं नाही तर भांडायची. "पैसा पुरुषाच्या हातात गेला की भिंतीत किती मुरतो आणि घशात किती, ते बाईला ठाऊक असतं," असं ती म्हणायची. सगळेच पुरुष पिऊन टाकत होते असं नाही, माझे वडील तर दारूच्या वाटेलाही जात नव्हते. पण कोपऱ्यातला तडा रुंदावतोय हे आईने दाखवेपर्यंत त्यांना दिसला नव्हता. घरात चोवीस तास ती असायची.

२००१मध्ये कच्छचा भूकंप झाला तेव्हा आमच्याकडच्या बायका तिकडच्या बायकांना हे सगळं सांगायला गुजरातला गेल्या. मावशी गेली नाही, घरच्यांनी सोडलं नाही. त्याचं तिला अजून वाईट वाटतं.

सांगायचं हे, की आपत्तीत बाईला काय द्यायचं याची चर्चा खूप होते. तिला विचारून कामाची आखणी करायची, कागदावर तिचं नाव घालायचं, तिथं गाडी अडते. पंचायतीत ५० टक्के आरक्षण आहे, पण त्या शाळेत मदतीच्या वाटपाच्या बैठकीला सरपंचबाई मागच्या बाकावर आणि त्यांचे यजमान माइकवर. फोटोत मात्र त्या मधोमध.

आता शेवटचं. त्याच गावात एक बाई भेटली. नवऱ्याने टाकलेली, भावाच्या घरामागे पत्र्याच्या खोलीत राहते. चूल वेगळी. खोलीत कमरेएवढं पाणी होतं, शिलाई मशीन गेलं, दोन शेळ्या गेल्या. पंचनाम्यात मात्र भावाचं एकच घर लागलं, कारण दोघांचा घर नंबर एकच. तिने पिशवीतून बँकेचं पासबुक काढलं, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. लाडकी बहीणचे दीड-दीड हजार जमा झालेले. "हितं मी सोडलेली म्हणून वेगळी हाय. मग पुरातच भावाची कशी झाले?"

ग्रामसेवक तरुण होता, तिच्याशी नीट बोलला. वरून यादी गेली म्हणाला, पुरवणी यादी आली तर बघू. मी तिथंच उभी आहे हे बघून त्याने रजिस्टर उघडलं आणि भावाच्या नावासमोरच्या समासात तिचं नाव लिहिलं.

पेन्सिलीने.