दोन दिवे म्हणजे वळा

'जिओकॅश' हा शब्द मी घरात पहिल्यांदा उच्चारला तेव्हा बायकोनं विचारलं, "किती दिवसांचं रिचार्ज?"

रिचार्ज नाही, खेळ आहे, असं सांगितलं. एकानं डबा लपवायचा आणि जागेचे अक्षांश-रेखांश वेबसाइटवर टाकायचे. दुसऱ्यानं जीपीएस बघत येऊन तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथं ठेवून घरी जायचं.

"मग मिळतं काय?"

"सही करायला मिळते."

"ती तर तुम्ही बँकेत दिवसभर करता."

तरीही मी हटलो नाही. साधा डबा कुणीही लपवतो. मला रात्रीचा लपवायचा होता. म्हणजे झाडाझाडांवर चमकणारे तुकडे लावायचे, येणाऱ्यानं बॅटरी मारत एकेक ठिपका पकडून पुढं जायचं आणि शेवटी डबा गाठायचा. दिवसा त्या वाटेत काही दिसता कामा नये.

साताऱ्याच्या अजिंक्यताऱ्याचा विचार लगेच सोडला. तिथं पहाटेपासून फिरायला येणाऱ्यांची अशी रीघ, की डबा लपवण्याआधीच चौघं शोधू लागायला आली असती. शिवाय जागेच्या मालकाची परवानगी लागते. ती ज्याच्याकडून फुकट मिळेल असा एकच मालक माझ्या ओळखीचा आहे. यवतेश्वरच्या पायथ्याला मामांचं रान आहे. बांधाला आंबे, पलीकडं गोठा. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "लपीव की. पर गुप्तधन न्हाय ना त्यात? उगं गावभर बोभाटा नगं."

चमकणाऱ्या तुकड्यांसाठी पोवई नाक्याजवळच्या रेडियमवाल्याकडं गेलो. उसाच्या ट्रॉलीला मागून लावतात तीच पट्टी. त्यानं विचारलं, "गाडी कुठली?" म्हटलं, "गाडी नाही, आंबा आहे." त्यानं कात्री खाली ठेवून माझ्याकडं एकदा नीट बघितलं. पैसे मात्र आधी घेतले.

खुणांची भाषा मीच ठरवली. एक ठिपका म्हणजे सरळ चला, दोन म्हणजे वळा, तीन म्हणजे थांबा, डबा इथंच. तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवून सुतळीनं फांद्यांना बांधले. अमावास्येच्या रात्री चाचणीसाठी बायकोला घेऊन गेलो. बॅटरी कमरेशी धरून ती म्हणाली, "कुठं काय चमकतंय?" इथं मला शास्त्र सांगायची संधी मिळाली. रेडियम उजेड आला त्याच वाटेनं परत पाठवतं. त्यामुळे बॅटरी डोळ्यांशेजारी धरली तरच दिसतं. तिनं बॅटरी कपाळाला लावली आणि अख्खं रान दिवाळीसारखं लुकलुकायला लागलं.

अख्खं म्हणजे जरा जास्तच. मी अकरा तुकडे लावले होते, दिसत होते शेकड्यानं. गवतात खाली बारीक हिरवट ठिपके. वाकून बघितलं तर कोळी. एकेका कोळ्याचे डोळे बॅटरीत हिऱ्यासारखे. बायको माझ्या नियमाप्रमाणं सरळ चालत राहिली. मग दोन दिवे दिसले म्हणून वळली, आणि वळली ते बरंच झालं, कारण ती म्हैस होती. पुढं एकच दिवा. 'सरळ चला' म्हणत ती सरळ गेली. तो मामांचा कुत्रा निघाला, एका डोळ्यानं अधू. तिथून पुढचा प्रवास दोघांनीही पळतच केला.

डबा तयार झाला, आता वेबसाइटची मंजुरी. हे काम जगभर स्वयंसेवक करतात, बिनपगारी. बिनपगारी माणूस इतका काटेकोर असू शकतो, यावर आमच्या शाखेत अजून कुणाचा विश्वास बसलेला नाही.

अर्जात अवघडपणा आणि जमीन (म्हणजे वाट किती खडतर) यांना 1 ते 5 तारे द्यायचे होते, अर्ध्या अर्ध्याच्या फरकानं. मी मोठ्यानं वाचलं, "जमीन किती?" मामा म्हणाले, "दीड." त्यांना एकर म्हणायचं होतं. मी दीडच भरलं आणि ते कुणी नाकारलं नाही.

पहिलं उत्तर आलं ते असं, की आपला डबा चिपळूणच्या बाजूला डोंगरात दिसतोय, हे बरोबर आहे का? मी 17 अंश 41 मिनिटं हे 17.41 अंश म्हणून भरलं होतं, रेखांशाचंही तेच. मिनिटं साठाची असतात, शंभराची नाहीत, एवढ्या फरकात डबा पन्नासेक किलोमीटर सरकून घाट उतरला होता. आयुष्यभर व्याज मोजणाऱ्या माणसाला ही चूक फार लागली.

मग एकेक शंका. दुसऱ्या डब्यापासून 161 मीटर अंतर आहे का? आहे, आमच्या शिवारात दुसरा डबा फक्त जेवणाचा असतो. झाडाला खिळे ठोकलेत का? नाही. डबा पुरलाय का? इथं मी अडलो. मामांनी भाच्याच्या प्रेमापोटी कुदळीनं चांगला हातभर खड्डा काढून दिला होता. जमीन खणायची तर मालकाची स्पष्ट परवानगी दाखवावी लागते. मामा म्हणाले, "माझ्या रानात मी खड्डा काढायला त्येला इचारू?" पण बुजवला. डबा गोठ्यामागच्या दगडांच्या कपारीत गेला.

आत खाऊ आहे का? होता. आईनं अर्धा पाव कंदी पेढे घातले होते, "एवढ्या रात्रीचं कोण येईल, रिकाम्या हातानं नको जायला." जनावरं येतात म्हणून खाद्यपदार्थ चालत नाहीत. गंमत म्हणजे हा खेळ सुरू झाला तेव्हा चालत होते. 2 मे 2000 ला अमेरिकेनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं रानात एक बादली ठेवली. तीत शिजवलेल्या घेवड्याचा सीलबंद डबा होता. हे मी लिहून कळवणार होतो, बायकोनं मोबाइल काढून घेतला. पेढे आम्ही खाल्ले.

मंजुरी आली त्या रात्री मी दोनदा उठून ती वाचली. मग तीन आठवडे कुणी फिरकलं नाही. शेवटी डबा कोरडा आहे का बघायला स्वतःच गेलो. वही उघडली. पहिल्या पानावर माझी सूचना, 'सापडल्यास तारीख व सही करावी.' खाली तारखा होत्या, रोजच्या. सकाळ 6 लिटर, फॅट 6.8. संध्याकाळ 5 लिटर, फॅट 7. पुढं मामांची सही.

"वही बरी हाय तुझी," मामा म्हणाले. "पावसात भिजत न्हाय."

दोन पानं दुधाची गेल्यावर मात्र वेगळं अक्षर होतं. पुण्याहून दोघं येऊन गेले होते, रात्री साडेअकराला. लिहिलं होतं, 'सापडला. म्हशीपाशी वळलो. फॅट उत्तम आहे, दोन लिटर मिळेल का?'

खाली मामांचं उत्तर : 'सकाळी सहाला या. भांडं आणा.'