सहा मिनिटांचं शून्य

परवा सकाळी सात वाजता मी १९० वॅटचा माणूस होतो. पावणेआठला १३८ चा झालो. पाय तेच, सायकल तीच. मध्ये फक्त खालच्या मजल्यावरचे काका उभे राहिले होते.

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी धरून वॅट मोजणाऱ्या यंत्रावर, एफटीपी टेस्ट देत होतो. तासभर दम टिकवून मारता येतील तेवढे वॅट म्हणजे एफटीपी. पण तासभर कोण मरतो, म्हणून वीस मिनिटं जीव खाऊन पेडल मारायचं आणि सरासरीतून पाच टक्के कापायचे. तयारी जय्यत होती. ट्रेनर कॅलिब्रेट केला, ठोके मोजणारा छातीचा पट्टा ओला करून बांधला (कोरडा बांधला तर तो मला मेलेलाच धरतो), घड्याळात ‘इनडोअर’ निवडलं. मागे एकदा हे निवडायला विसरलो होतो. पाऊण तास घाम गाळल्यावर घड्याळ म्हणालं, अंतर ०.०० किलोमीटर. जीपीएसचं काही चुकलं नव्हतं म्हणा. गेलो कुठे होतो मी?

टेस्टचं आठवं मिनिट चालू होतं आणि काका आत आले.

“अरे, सकाळी सकाळी ही कसली गिरणी लावलीस? आमच्या कपाटाच्या काचा थरथरतायत!”

बोलायला श्वास नव्हता. मी एक बोट वर केलं. ‘थांबा, टेस्ट चालू आहे’ असा त्याचा अर्थ. काकांनी ‘या, हे बघा’ असा घेतला. ते लॅपटॉपपाशी आले, हात मागे बांधले, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनवर वाकले. नेमके लॅपटॉप आणि ट्रेनर यांच्या मधोमध.

“हे २०९ काय?”

“वॅ…ट.”

“आपला विजेचा वॅट?”

“हं.”

काकांची हयात हिशेब तपासण्यात गेली आहे. काचा तिथेच राहिल्या. “म्हणजे धर दोनशे वॅट. किती वेळ? वीस मिनिटं? म्हणजे युनिटचा पंधरावा भाग. एक युनिट व्हायला असं पंधरा वेळा मरायचं! बरं, ही वीज जाते कुठे?”

“ही…ट.”

“उष्णता?” काका स्तब्ध झाले. मग समोरच्या पंख्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत पंख्याकडे बघितलं. “म्हणजे तू पाय मारून खोली तापवतोस. आणि पंखा लावून गार करतोस.”

याला उत्तर आहे. नक्की आहे. पण १७६ च्या ठोक्यांवर ते सुचत नाही.

“हे बघ, आता इथे नुसत्या रेघा दिसतायत,” काका म्हणाले. मला वाटलं, गंमत करतायत.

गंमत नव्हती. ट्रेनर लॅपटॉपशी बोलतो तो २.४ गिगाहर्ट्झवर, आणि त्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. माणूस म्हणजे बहुतांशी पाणी. काका जरा जास्तच. सहा मिनिटं ते तिथे उभे होते आणि माझा एकही वॅट त्यांच्या पलीकडे पोचला नाही.

बाकीच्या चौदा मिनिटांची सरासरी २०८. तीच वीस मिनिटं धरली असती तर एफटीपी १९८ आला असता. आयुष्यातला सर्वोत्तम. पण लॅपटॉपवरच्या ॲपने त्या सहा मिनिटांना शून्य दिलं, भागाकार वीसनेच केला आणि वर फटाके उडवून जाहीर केलं: तुमचा नवा एफटीपी १३८! आलेखात तर आणखी शोभा. वॅट शून्य, ठोके १७६. बघणाऱ्याला वाटेल, हा इसम बसल्या जागी कशाला तरी घाबरलाय.

मदतकेंद्राला लिहिलं. उत्तर आलं, ब्लूटूथ बंद करून पुन्हा चालू करा. आकडा हाताने बदलता येतो, हे मलाही माहीत आहे. पण मग टेस्ट कशाला दिली? महिन्याच्या महिन्याला पैसे भरायचे, आणि मी खरंच दमलो होतो हेही मीच पटवून द्यायचं? समोर दिसत नाही का, एवढे ठोके शून्य वॅटवर पडत नसतात? आणि टेस्ट पुन्हा द्यायची म्हणजे ती शेवटची पाच मिनिटं पुन्हा. त्या पाच मिनिटांत मी देवाला काय काय कबूल केलंय ते मला ठाऊक.

म्हणून सध्या १३८ च्या हिशेबाने ॲप जे सांगतं ते करतोय. ‘आज कस लागणार!’ असं म्हणून ते मला जे चढावर घालतं, त्यात मी फोनवर बोलू शकतो.

आज काका लिफ्टमध्ये भेटले. खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “ऐकलंस हं माझं. आवाज अगदी कमी झाला.”