ऑफरोडला नेऊ नका म्हणे!

"सर, ऑफरोडला नेली होती का? मग वॉरंटी बसत नाही."

थारच्या मागचं स्टेपनी कॅरियर, म्हणजे जादा चाक टांगायचा, दारासारखा उघडणारा लोखंडी दांडा, विकणाऱ्याचा अकरा सेकंदांचा व्हॉइस मेसेज. काल दुपारपासून चार वेळा ऐकलाय. पहिल्यांदा वाटलं, माझ्या कानात काहीतरी बिघाड आहे. दुसऱ्यांदा बायकोला ऐकवला. तिसऱ्यांदा सोसायटीच्या वॉचमनला, कारण तोवर बायको उठून गेली होती. चौथ्यांदा एकट्याने, पार्किंगमध्ये, थारच्या मागे उभं राहून.

अरे बाबा, ज्या खोक्यावर 'ऑफरोड' हा शब्द तीन ठिकाणी छापलाय, जे विकताना तू मला दगडांवर चढलेल्या गाड्यांचे फोटो दाखवलेस, ते स्टेपनी कॅरियर ऑफरोडला न्यायचं नाही तर काय देवघरात ठेवायचं? आणि नेलं नव्हतंच! ताम्हिणीतून येत होतो. सरकारी डांबरी रस्त्यावरून. आता तो रस्ताच ऑफरोडमध्ये धरायचा असं त्याचं म्हणणं असेल, तर त्या एका मुद्द्यावर मी त्याच्याशी भांडणार नाही.

झालं असं. रविवारी कोकणातून परत येताना विळ्याहून वर चढत होतो. उजव्या आरशात काहीतरी काळं, गोल दिसलं. वाटलं, कुणीतरी बाइकवाला वळणावर घुसतोय. मी हॉर्न मारला. तो हटेना. पुन्हा मारला, जरा जास्तच वेळ. दोन शिव्याही दिल्या. तेवढ्यात मागून खराखुरा बाइकवाला शेजारी आला आणि ओरडला, "काका, तुमचं मागचं उघडलंय!"

म्हणजे एवढा वेळ मी माझ्याच स्टेपनीला हॉर्न मारत होतो. (आणि काका? ४३ वर्षं वय आहे माझं. पण ते पुन्हा केव्हातरी.)

कॅरियरच्या आर्मची बिजागरी बंपरच्या उजव्या कोपऱ्यात. लॅच सुटला की चढावर आर्म आपोआप मागे, उताराकडे लोळतो. पुढे डावं वळण आलं की पुरा उजवीकडे फेकला जातो. उजवीकडे म्हणजे समोरून येणाऱ्याच्या लेनमध्ये. आर्मवर ३३ इंची टायर, रिमसकट ४० किलोच्या आसपास. आणि समोरून उतरत होती एसटी. त्या ड्रायव्हरच्या हातांना दंडवत. डोंगराच्या बाजूला गाडी दाबून त्याने इतक्या शांतपणे थांबवली की आतल्या म्हातारीची पिशवीसुद्धा पडली नसेल. खिडकीतून मान काढून म्हणाला, "पाव्हणं, चाक द्यायचंय का कुणाला?"

उतरून बघतो तर लॅचची पिन गायब. पिन हरवू नये म्हणून तिला बांधलेली वायर मात्र जागेवर. एवढं धूड अडवायला एक टॉगल लॅच, कपड्यांच्या जुन्या ट्रंकेला असतो तसला, आणि त्यात ती एक पिन. पिन गेली की खड्ड्याखड्ड्याला लॅच सैल होणार आणि कधीतरी उघडणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. दुसरं लॉक का नाही? तर विकणारा म्हणे, "सर, त्याने लुक जातो." शेवटी बायकोच्या ओढणीने आर्म बंपरला आवळला आणि पौडपर्यंत ३० च्या स्पीडने आलो. ओढणी गेली. नवी होती. तो हिशेब घरात वेगळा चालू आहे.

काल सकाळी भोसरीला एका ओळखीच्या फॅब्रिकेटरकडे गेलो. त्याने आर्म धरून वरखाली हलवला. अंगठ्याएवढा प्ले, म्हणजे ढिलेपणा. बिजागरीत फिरायला बुश कसला, पाइपात पाइप घातलाय. ग्रीस भरायची निपल नाहीच. मग बिजागरीजवळचं पावडर कोटिंग त्याने जरासं खरवडलं आणि हसायलाच लागला. "साहेब, याला वेल्डिंग म्हणत नाहीत, नुसते टॅक मारलेत. वर पुट्टी भरलीय." त्या टॅकमधून, म्हणजे वेल्डिंगच्या ठिपक्यांतून, एक केसाएवढी चीर निघाली होती, बोटभर लांब. लॅच सुटला नसता तर आणखी दोन-चार महिन्यांत अख्खा आर्मच चाकासकट रस्त्यावर आला असता. एक्सप्रेसवेवर. मागच्याच्या काचेत. बोल्टांच्या डोक्यावर मजबुतीचा ८.८ वगैरे काही आकडा? कोरं. नुसतं गुळगुळीत, काळं, देखणं.

आणि हे बसवताना मला टेस्टिंग करून दाखवलं होतं बरं का! वर्कशॉपमधला एक पोरगा आर्मला लटकला. "बघा सर, ६५ किलोचा आहे, हलतोय का?" मी टाळी द्यायची तेवढी बाकी ठेवली. लटकलेला पोरगा जागेवर लटकतो. चाक खड्ड्यात आपटतं, वर उसळतं, पुन्हा आपटतं, आणि दर आपटण्याला त्याचं वजन दोन-तीनपट होऊन त्या टॅकवर बसतं, दिवसभर, हजारो वेळा. बरं, हे सगळं कुठे? पुण्यात! गाड्यांच्या चाचण्या करून प्रमाणपत्र देणारी एआरएआय जिथे टेकडीवर बसलीय त्या पुण्यात आमचं प्रमाणपत्र म्हणजे लटकलेला पोरगा.

आता निघालंच आहे तर बाकीचंही घ्या. त्या कॅरियरवर जेरीकॅन लावणारे. अरे, मागून कुणी ठोकलं तर सगळ्यात आधी चेपणार ती जागा, आणि तिथे तुम्ही २० लिटर इंधन टांगता? वर जॅक, वर फावडं. फावडं! हिंजवडीला जाताना! तिसरा ब्रेक लाइट टायरमागे झाकलेला, नंबर प्लेट कुठेतरी बंपरच्या कोपऱ्यात तिरकी. पावसाळ्यातल्या शनिवारी ताम्हिणीत दहा-दहा गाड्यांचा ताफा, प्रत्येकीच्या पाठीवर हे झाकण, आणि एलईडी बार समोरच्याच्या डोळ्यांत. पुढच्याने ब्रेक कधी दाबला हे मागच्या स्कूटरवाल्याने ओळखायचं कशावरून, ज्योतिषावरून?

तक्रार कर म्हणतात. कुणाकडे? आरटीओत जाऊन सांगू की माझ्या बेकायदा कॅरियरचं वेल्डिंग नीट नाही? काल रात्री चिडून मोटार वाहन कायदा उघडला. कलम ५२, परवानगीशिवाय गाडीत बदल करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला एकेका बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी बोटांवर मोजायला घेतलं. टायर. गाडी उंच करायचं लिफ्ट किट. पुढचा बंपर. मागचा बंपर. कॅरियर. पाचव्या बोटाला थांबलो, कारण एका हाताची बोटं संपली आणि धीरही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून बुलबारवर (गाडीच्या नाकावरच्या लोखंडी नळ्यांवर) कारवाई करायला सांगितलं, तेव्हा याच मी ऑफिसात भाषण ठोकलं होतं, की बरोबरच आहे, पायी चालणाऱ्याचा जीव जातो. आणि आज माझ्या गाडीच्या पाठीवर मीटरभर लोखंडी दांडा.

खरं सांगू का? कंपनीने दिलेली स्टेपनी मागच्या दारावर उत्तम बसली होती. कधी कुरकुरली नाही. मला ३३ इंची टायर हवे होते, कारण ऑफिसातल्या एकाने ३१ इंची घातले होते. एवढं जड चाक दारावर टांगलं तर दार खाली बसतं, म्हणून कॅरियर. कॅरियर बसेना, म्हणून नवा बंपर. मागून कोथिंबिरीची जुडी काढायची तरी आधी आर्म उघडा, मग दार उघडा, मग खाली वाकून बिजागरीत बोट चिमटवून घ्या. आणि या सगळ्या ऑफरोडिंगचा आजवरचा कळस म्हणजे मेव्हण्याच्या शेतातला बांध. तोही उतरताना मेव्हणा पुढे चालत होता, हातवारे करत.

आज सकाळी कॅरियर उतरवून टाकलं. कुणी दुसऱ्याने विकत घेऊन गाडीला लावू नये म्हणून ग्राइंडरने आर्म मधोमध कापला आणि भंगारवाल्याला बोलावलं. विकताना 'हेवी ड्यूटी, ४० किलो' सांगितलं होतं. काट्यावर भरलं २६.

त्याने कापलेली बाजू वळवून नीट पाहिली, नखाने टोकरली आणि म्हणाला, "साहेब, यात पुट्टी किती आहे? तेवढं वजन कापणार."