'झटका मारून राहिला? पिन उलटी करा ना जी!'

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, जवळ आला की नागपूरच्या झाडून साऱ्या ग्रुपवर हा मेसेज येतोच: 'कूलरचे चार रामबाण उपाय'. टाकीत बर्फ टाका, एसीसारखी हवा लागते. दारं-खिडक्या गच्च लावून घ्या. डास होऊ नयेत म्हणून पाण्यात डांबरगोळ्या सोडा. आणि कूलर झटका देत असेल तर पिन उलटी करून लावा, पायात रबरी चप्पल घाला, बस.

सुरुवात शेवटच्यापासून करतो, कारण त्यात थेट जीव जातो.

पिन उलटी केल्यावर मुंग्या येणं बरेचदा थांबतं, हे खरं आहे. म्हणून तर हा उपाय घरोघरी टिकला. दोन पायांची पिन फिरवली की फेज (जिवंत वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांची अदलाबदल होते. मोटरचं जे टोक पत्र्याला गळत होतं, तिथे आता न्यूट्रल येतो. गळती मात्र होती तिथेच. वर आणखी एक घोळ होतो: कूलरवरचं बटन आता फेज न तोडता न्यूट्रल तोडतं. पंखा थांबलेला दिसतो, पण आतली वायरिंग जिवंत असते. आणि आपण 'बंदच तर आहे' म्हणून पाइप घेऊन पाणी भरतो, अडकलेल्या पंपाला हात घालतो.

चप्पल? पाणी भरताना एक हात पत्र्यावर आणि दुसरा खिडकीच्या गजावर असला, तर करंट एका हातातून छातीमार्गे दुसऱ्या हातात जातो. चप्पल त्या वाटेत येतच नाही. बरं, आपले निम्मे कूलर लोखंडी स्टँडवर, गजाला चिकटूनच उभे असतात. म्हणजे गजातही करंट, आणि गजाला लोंबकळणारी पोरं.

'आमच्याकडे एमसीबी आहे' हेही ऐकून घेतलं. १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की आपोआप पडणारं बटन, वायर जळू नये म्हणून असतो. माणसाला धोका होतो तो मिलिअँपिअरच्या करंटने. तेवढ्याने एमसीबी हलतही नाही. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, लागतो आणि तीन पायांच्या पिनला खरं अर्थिंग. खरं म्हणतो, कारण जुन्या घरांत बोर्डाचं वरचं मोठं छिद्र नुसतं शोभेचं असतं. गेल्या वर्षी माझ्याच कूलरची पिन उघडली, तर अर्थिंगची हिरवी वायर कापून तिच्यावर टेप गुंडाळलेली. मिस्त्रीला विचारलं. म्हणे, 'ते काही कामाचं नसते जी.' तेव्हापासून पिन बोर्डातून काढल्याशिवाय आमच्या घरी कोणी कूलरला हात लावत नाही.

आता डांबरगोळ्या. त्या पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. त्यांची वाफ मात्र पंखा थेट खोलीत फेकतो. जी-सिक्स-पीडी (तांबड्या पेशींना जपणारं एन्झाइम) कमी असलेल्या तान्ह्या बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्या वाफेने फुटू शकतात. रॉकेल टाकणाऱ्यांनीही थांबावं. साचलेल्या डबक्यावर तेलाचा थर अळ्या मारतो, कबूल. पण कूलरमध्ये पंप तो थर टिकू देत नाही, उलट रॉकेल ताट्यांवर, म्हणजे कूलरच्या बाजूच्या गवताच्या पॅडवर, चढवतो. डेंग्यूच्या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंड्यापासून डास व्हायला आठवडाभर, फार तर दहा दिवस लागतात. तेव्हा दर रविवारी टाकी रिकामी करा, काथ्याने भिंती घासा आणि वाळू द्या. सप्टेंबरात कूलर गच्चीवर टाकतानाही हेच, नाहीतर पावसाचं पाणी साचतंच.

खिडक्यांचं दोन ओळींत. कूलर हवा ओली करून थंड करतो. ती ओली हवा बाहेर गेली नाही तर खोलीत नुसतं चिकचिक होतं. समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवा.

आणि बर्फ! एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. एक लिटर पाणी ताट्यांवर वाळताना सुमारे ५८०. गारवा वाळण्यातून येतो, बर्फातून नाही. बर्फ पन्ह्यात टाका.